काकूंचा हरवलेला गुन्हा

खोली दाखवायच्या आधी काकूंनी मला त्यांचा गुन्हा सांगितला.

मी अकोल्याहून स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी अमरावतीला आले होते. खांद्यावर बॅग, काखेत उशी आणि हातात झेरॉक्सवाल्याने चिठोऱ्यावर लिहून दिलेला पत्ता. दार उघडलं ते पन्नाशीच्या एका उंच, काटक बाईंनी. त्यांनी मला उशीसकट पाहून घेतलं आणि म्हणाल्या, "खोली पाहाले आली?"

"हो."

"खोली मंग पाहजो. आधी माहं आयकून घे. मी सजा झालेली बाई आहो. चोरीची. चालत असंन त चप्पल काढ. नसंन चालत त कोपऱ्यावर दुसरं घर हाय. थे बाई चांगली हाय, पण पाणी देत नाई."

"कशाची चोरी?" मी विचारलं.

"रोड रोलरची."

मला हसू आलं. त्यांना आलं नाही. रोलर म्हणजे रस्ता दाबायचा तो लोखंडी अजस्र प्रकार, हे मला नीट समजलंय याची खात्री करून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "आता तुहं सांग. पोलीस, कोर्ट, काही हाय?"

"माझं काही नाही, काकू."

हे खोटं होतं. पाच वर्षांपूर्वी, अकोल्याला वसतिगृहात असताना, नऊ दिवस नळाला पाणी नव्हतं म्हणून आम्ही मुलींनी रिकाम्या बादल्या घेऊन रस्ता अडवला होता. गर्दीतून एक बादली उडाली आणि कोणा साहेबांच्या गाडीची काच फुटली. सात जणींवर केस झाली, त्यात मी आरोपी क्रमांक चार. तीन वर्षं तारखा झाल्या आणि आम्ही सगळ्या निर्दोष सुटलो. पण बाबांनी तेव्हाच बजावलं होतं, "हे कोणाले सांगायचं नाई. नोकरीत नाई, लग्नात नाई." बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून. उभ्या आयुष्यात त्यांचा आवाज शेजारच्या घरात गेला नसेल. असा माणूस एखादी गोष्ट बजावतो तेव्हा ती पाळावीच लागते. मी पाळली, आणि खोली मिळाली.

काकूंकडे मी जवळजवळ तीन वर्षं राहिले. त्या काळात त्यांनी आपला गुन्हा किती जणांना सांगितला याचा हिशेब ठेवणं शक्य नव्हतं. नवीन दूधवाला आला की आधी गुन्हा, मग दूध. गॅसच्या एजन्सीत माहितीचा फॉर्म भरताना त्यांनी खिडकीतल्या मुलाला विचारलं, "सजेचा रकाना कुठी हाय?" तो म्हणाला, "काकू, इथं फक्त आधार नंबर लागतो." काकूंनी फॉर्म उलटा केला आणि कोऱ्या बाजूवर चार ओळी लिहून दिल्या. एकदा चक्कर आली म्हणून मी त्यांना दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होते. रक्तदाब मोजता मोजता त्यांनी विचारलं, "आधीचं काही आहे का?"

"एक चोरी," काकू म्हणाल्या.

डॉक्टरांनी पट्टा सोडून पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.

नात्यागोत्यात तर याची दहशतच होती. पुतणीला पाहायला पाहुणे आले तेव्हा काकू पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आल्या आणि बशा वाटता वाटता त्यांनी रोलर सांगितला. लग्न मोडलं नाही, पण तेव्हापासून नातेवाईक काकूंना साखरपुडा उरकल्यावरच बोलवायचे. "वाईट नाही वाटत?" मी विचारलं होतं.

"जेवाले त बोलावते ना," काकू म्हणाल्या. "मुद्द्याची गोठ थेच हाय."

या सगळ्यामागे त्यांचं एक वाक्य होतं, आणि ते त्या इतक्यांदा म्हणायच्या की शेजारची लहान मुलंसुद्धा खेळताना म्हणायची: "आधी सांगतलं त माहिती, मंग समजलं त भानगड."

तो गुन्हा मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकला. दर वेळी एकसारखाच. त्यात एक शब्द वाढला नाही की कमी झाला नाही. तो असा.

काकूंचं माहेर अकोटचं. वडील एका ठेकेदाराकडे रोलर चालवायचे. आई लवकर गेली, त्यामुळे लहानपणी ही मुलगी बापाच्या मांडीवर बसून रस्तोरस्ती फिरली आणि बाराव्या वर्षी रोलर चालवायला शिकली. पुढे वडिलांचा पाय मोडला, ते घरी बसले. त्याच सुमाराला त्यांच्याच गल्लीत रस्त्याचं काम निघालं. त्याच ठेकेदाराने गिट्टी टाकली, वर मुरूम टाकला, रोलर आणून गल्लीच्या तोंडाशी उभा केला आणि माणसं घेऊन दुसरीकडे निघून गेला. बारा दिवस रोलर तिथेच. सुट्या गिट्टीवरून म्हाताऱ्या घसरत होत्या, सायकली पडत होत्या. एका बाळंतिणीला दवाखान्यातून घरी आणताना चौघांनी खाट उचलून आणली, कारण रिक्षा आत येईना. तेराव्या दिवशी सकाळी दहा वाजता काकू, म्हणजे तेव्हाची एकवीस वर्षांची मुलगी, उठली. खुंटीवरची बापाची जुनी किल्ली घेतली आणि रोलर सुरू केला.

ठेकेदाराचा मुनीम ठाण्यात धावला. रोलर चोरीला गेला आहे, आणि चोर अजून रोलरवरच आहे. ठाण्यातून एका तरुण शिपायाला सायकलवर पाठवलं. त्याने चोराचा पाठलाग सुरू केला आणि लगेच चोराच्या पुढे निघून गेला. मागे फिरला, पुन्हा पुढे गेला. रोलर ज्या चालीने चालला होता त्या चालीने सायकल चालवणं कोणालाच शक्य नव्हतं. शेवटी तो खाली उतरला, सायकल भिंतीला लावली आणि रोलरच्या शेजारून चालू लागला.

"बाई, थांबा. तुमी चोरी करून राहिल्या."

"मंधात थांबली त तिथंसा खड्डा पडते जी. हा पट्टा होऊ द्या."

पट्टा झाला. रोलर मागे फिरला. शिपाईही फिरला.

"किती पट्टे हायेत?"

"चार."

"आन् मंग?"

"मंग धरा ना मले. मी कुठी पयून राहिली?"

चार पट्टे व्हायला दीड वाजला. तोवर सगळी गल्ली दारात आली होती. मुरूम पाण्याशिवाय बसत नाही, म्हणून बायका घरातून गुंड, म्हणजे पाण्याचे हंडे, भरभरून देत होत्या. शेवटचा पट्टा झाल्यावर काकूंनी रोलर होता तिथेच उभा केला, किल्ली शिपायाच्या हातात दिली आणि दोघं चालत ठाण्यात गेले. सायकल त्याने हातात धरली होती.

कोर्टात न्यायाधीशांनी विचारलं, "गुन्हा कबूल आहे?"

"हाव जी," काकू म्हणाल्या. "चांगला झाला. एखांद्या दिवशी पाहून या."

शिक्षा झाली कोर्ट उठेपर्यंत कैदेची. म्हणजे संध्याकाळी न्यायाधीश उठून जाईपर्यंत तिथेच बाकावर बसून राहायचं. काकूंनी बसून दिवसभर इतरांच्या केसेस ऐकल्या. संध्याकाळी साहेब उठले तेव्हा एक वाटणीचा दावा मध्येच राहिला होता, आणि त्याचं पुढे काय झालं हे कळलं नाही याची चुटपुट त्यांना जन्मभर होती.

इथपर्यंत काकू रंगात सांगायच्या. पुढचं मला एकदाच सांगितलं, गहू निवडताना, मान वर न करता. पाय बरा झाल्यावर वडिलांना त्या ठेकेदाराने परत घेतलं नाही. ते अमरावतीला दुसऱ्याकडे लागले. पोरीचं काही सांगितलं नाही. तीन महिन्यांनी तिथे कोणीतरी बोललं. "थो ठेकेदार माह्या बापाले म्हणे, रोलर गेला त गेला, आपल्याले त्याचं काही नाई. पण तू तीन महिने लपवलं. आता तुह्या हातात किल्ली कशी देऊ?" काकूंनी एक खडा बाजूला टाकला. "त्याच्यानंतर माह्या बापानं रोलर नाई चालवला. मी आता आधीच सांगतो सारं."

लग्नाच्या वेळी मुलगा पाहायला आला, तेव्हाही त्यांनी आधीच सांगितलं. मुलाकडच्या एकाने विचारलं होतं, मुलीला काय काय येतं. काकू म्हणाल्या, पुरणपोळी येते, रोलर येतो, आणि एक सजा झाली आहे. त्या मुलाने, म्हणजे आमच्या काकांनी, फक्त एवढंच विचारलं, "थे गल्ली कोणती?" आणि परत जाताना वाट वाकडी करून ते त्या रस्त्यावरून एकदा चालून गेले. मग होकार कळवला. मी राहायला आले त्याच्या आदल्या वर्षी काका वारले होते.

त्यानंतर घरात एकट्या बसवेना म्हणून काकू नोकरी शोधायला लागल्या. नोकरीच्या अर्जात तो रकाना असतोच. आपल्याविरुद्ध कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? शिक्षा झाली आहे काय? लोक त्या रकान्यापाशी येऊन अडखळतात. काकू अर्ज भरायला तिथूनच सुरुवात करत. आणि अर्ज रोलर चालवण्याशी दुरूनही संबंध असलेला असेल, तर तोच मजकूर 'अनुभव' या रकान्यातही लिहीत. "दोन्ही खरं हाय ना," त्या म्हणायच्या.

एका कापडाच्या मोठ्या दुकानात दारावर उभं राहायला बाई हवी होती. मी त्यांच्याबरोबर गेले होते. मॅनेजरने गमतीत विचारलं, "काकू, चोरीबिरी नाही ना केली कधी?"

"केली ना. रोलरची."

मॅनेजर हसला. काकू हसल्या नाहीत. त्याचं हसू मावळलं. "लपवला कुठं होता?" त्याने हळूच विचारलं.

"लपून राहते का थो? तिथंच उभा केला."

नोकरी मिळाली नाही. शाळेत खिचडी शिजवायची मिळाली नाही, पाळणाघरात मिळाली नाही. एका ठिकाणी तर मुलाखत घेणाऱ्या बाईंनी कळवळून सांगितलं, "अहो काकू, इतक्या जुन्या गोष्टी कोण विचारतं? लिहूच नका." काकूंनी त्यांच्याकडे अशा दयेने पाहिलं, की बाई बिचाऱ्या कानकोंड्या झाल्या.

आणि मग एक दिवस काकूंची निवड झाली. एका खाजगी संस्थेच्या मुलींच्या वसतिगृहात रेक्टर हवी होती. तिथल्या मुख्य बाईंनी रोलरची गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकली, मध्ये एकदाही घड्याळ पाहिलं नाही. म्हणाल्या, "आम्हाला चालेल. फक्त पोलिसांचं चारित्र्य प्रमाणपत्र आणून द्या, नियम आहे."

मी काकूंचा ऑनलाइन अर्ज भरून दिला. पंधरा दिवसांनी प्रमाणपत्र आलं. त्यावर लिहिलं होतं की अर्जदाराविरुद्ध कोणत्याही गुन्ह्याची नोंद आढळून आली नाही.

मी आनंदाने उडीच मारली. काकूंनी कागद हातात घेतला, चष्मा लावून दोनदा वाचला आणि विचारलं, "माहा गुन्हा कुठी गेला?"

वसतिगृहाच्या कारकुनाने अर्ज आणि प्रमाणपत्र शेजारी शेजारी ठेवले. अर्जात शिक्षा 'होय', प्रमाणपत्रात काही नाही. "मेळ बसत नाही," तो म्हणाला. "तुम्ही अर्जात खोटी माहिती दिली असं होतंय, काकू. खोटी माहिती दिली तर निवड रद्द, असं खाली छापलंय."

जन्मभर खरं सांगून नोकऱ्या घालवलेल्या बाईला कोणीतरी पहिल्यांदा खोटारडं म्हणत होतं, आणि तेही कागदावर नसलेला गुन्हा कबूल केल्याबद्दल. काकूंचा चेहरा उतरला. कारकून वाईट माणूस नव्हता. त्याने नवा कोरा फॉर्म पुढे सरकवला. "सोपं आहे. 'नाही' लिहा आणि सोमवारी कामावर या."

"अन् केलं थे?"

"कागदावर नाही ना."

"रस्त्यावर हाय," काकू म्हणाल्या आणि फॉर्म न घेता उठल्या.

आम्ही चौकशी केली. पोलिसांच्या कचेरीतल्या बाबूने डोकं खाजवलं. "काकू, लोक माझ्याकडं येतात ते नाव काढून टाका म्हणून. नाव घाला म्हणून आलेल्या तुम्ही पहिल्याच." इतक्या जुन्या किरकोळ केसचे कागद नियमाप्रमाणे कधीच नष्ट झाले असतील, असं त्याने सांगितलं. कोर्टातही तेच उत्तर. काकू पायरीवर बसल्या. "निकाल त मी सोता आयकला व्हता," त्या म्हणाल्या. "मलेच कोनी साक्षीदार नाई राह्यलं आता."

पण एक साक्षीदार होता. काकूंच्या भावाने फोनवर सांगितलं की तो शिपाई पुढे हवालदार होऊन निवृत्त झाला आणि अकोटलाच असतो.

"चाल माह्यासंगं," काकू मला म्हणाल्या.

मी गेले, त्याला माझंही एक कारण होतं. त्याच आठवड्यात मला सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाल्याचं पत्र आलं होतं. सोबत तोच फॉर्म. तुम्हाला कधी अटक झाली होती काय, तुमच्यावर खटला चालला होता काय, माहिती दडवल्यास सेवा समाप्त. बाबा फोनवर म्हणाले होते, "निर्दोष सुटली म्हणजे झालंच नाई. 'नाही' लिही अन् मोकळी हो." क्लासमधले सर म्हणाले, 'होय' लिही. मैत्रिणी म्हणाल्या, वेडी आहेस का? फॉर्म माझ्या पिशवीत कोराच होता.

अमरावती ते अकोला, अकोला ते अकोट. काकू आधी त्यांच्या गल्लीत गेल्या. रस्ता आता सिमेंटचा झाला होता. काकूंनी चपलेने दोनदा ठोकून पाहिलं. "वरचं कोनाचंबी असो. खाली माहाच हाय."

हवालदार अंगणात कढीपत्त्याला पाणी घालत होते. साठी ओलांडलेले, जाड भिंगांचा चष्मा. काकूंना पाहून झारी खाली ठेवली, पुढे आले, आणि आत वळून ओरडले, "अवं, बाहेर ये! रोलरवाल्या बाई आल्या! यांइले मी सोता अटक केली व्हती!" त्यांच्या बायकोने जुन्या मैत्रिणीला पाहावं तसं काकूंचं स्वागत केलं. हवालदारांच्या सबंध नोकरीत त्यांनी घरी सांगण्यासारखी एवढीच अटक केली होती, असं दिसलं.

काम ऐकल्यावर ते लगेच शर्ट बदलून आले. तहसीलच्या आवारात झाडाखाली कॉम्प्युटर मांडून एक अर्जनवीस बसतो, त्याच्याकडे आम्ही प्रतिज्ञापत्र करायला गेलो.

"नातं काय लिहू?" त्याने विचारलं.

"आरोपी आन् पोलीस," हवालदार अभिमानाने म्हणाले.

ते सांगत होते, तो टाइप करत होता. तारीख वार सोडून सगळं त्यांना आठवत होतं. सायकल, चार पट्टे, किल्ली. मग ते थांबले, काकूंना बाजूला घेऊन गेले. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं.

"ताई, एक गोठ लिहाची नाई. पाण्याची."

पाणी म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं. बायका गुंड भरून देत होत्या हे काकू नेहमी सांगायच्या. ते गुंड रोलरच्या पुढे मुरुमावर ओतत कोण चाललं होतं, हे त्यांनी कधीच सांगितलं नव्हतं. तो शिपाई. वर्दीत, टोपी काखेत धरून, तीन तास.

"मले पेन्शन हाय, ताई. पोराले वाटते बाप लय कडक व्हता. पोलिसानं चोराले मदत केली असं कागदावर नोको."

 खरं सांगायचं तर पूर्ण सांगायचं, हा त्यांचा जन्माचा हट्ट मला माहीत होता. इतकी वर्षं गोष्टीतून या माणसाचं पाणी त्यांनी वगळलं होतं खरं, पण तोंडी वगळणं वेगळं आणि शपथेवर वगळणं वेगळं. आम्ही परत येऊन बसलो.

अर्जनवीस चौकस निघाला. त्याचा मामा म्हणे रस्त्याच्या कामावर होता. "पाण्याशिवाय मुरूम बसत नाही," तो म्हणाला. "पाणी कोण टाकत होतं? लिहून टाकू, म्हणजे पक्कं होईल."

हवालदार आपल्या चपलांकडे पाहायला लागले.

"मीच टाकत व्हती," काकू म्हणाल्या.

"रोलर चालवता चालवता?"

"हाव."

"पुढं?"

"दोन हात देल्ले ना देवानं," काकू त्याच्यावर खेकसल्या. "लिही!"

त्याने लिहिलं. खाली काकूंनी सही केली. हवालदारांनीही केली, मग चष्मा काढून पुसला आणि बराच वेळ पुसतच राहिले.

परतीच्या बसमध्ये काकू खिडकीशी बसल्या. अकोला मागे पडलं. मग म्हणाल्या, "आज मी खोटं बोलली. तेबी शपथेवर."

त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता, की मला राहवलं नाही. "काकू, मी तर तुमच्याशी पहिल्या दिवसापासून खोटं बोलते आहे," मी म्हणाले, आणि वसतिगृह, नळ, बादल्या, आरोपी क्रमांक चार, सगळं सांगून टाकलं. आता त्या मला खोलीबाहेर काढणार, असंच मी धरून चालले होते.

काकूंनी वळून पाहिलं. "बादली लागली का कोनाले?"

"नाही. काच फुटली फक्त."

"कोनं फेकली व्हती?"

वकिलांना, बाबांना, कोर्टाला मी याचं एकच उत्तर दिलं होतं: माहीत नाही. बस मूर्तिजापूरच्या अलीकडे गतिरोधकावरून उडाली. मी म्हणाले, "मी."

काकूंनी माझ्या पिशवीतून तो फॉर्म काढायला लावला. चष्मा लावून वाचला. बोटाने ओळ दाखवली. "इथं काय इच्यारलं? केस झाली का. झाली. काय निकाल लागला. सुटली. तेवढं लिहाचं, सारं खरं. बादलीचं यानं इच्यारलं नाई." त्यांनी फॉर्मची घडी घालून माझ्या हातात दिली. "थे मले सांगतलं, झालं. आता थे माह्यापाशी हाय."

थोड्या वेळाने त्यांनी स्वतःशीच मान हलवली आणि पिशवीतून शेंगदाणे काढले.

मी 'होय' लिहिलं, सोबत निकालाची प्रत जोडली. काकूंची नोकरी पक्की झाली. मुख्य बाईंनी प्रतिज्ञापत्र वाचलं आणि कारकुनाला म्हणाल्या, "जी बाई स्वतःचा गुन्हा शोधायला अकोटला जाते, ती मुलींच्या जाण्यायेण्याचं रजिस्टर नीट ठेवील. घ्या यांना." माझं मात्र चौकशीत अडकलं. बरोबरच्या मुली कामावर रुजू झाल्या, मी वाट पाहत राहिले. नेमणुकीचा आदेश चार महिन्यांनी आला. पण त्याआधी बाबा आले.

झालं असं की चौकशीसाठी अकोल्याच्या घरी पोलीस गेला आणि त्याने बाबांसमोरच माझं 'होय' वाचून दाखवलं. बाबा मिळेल त्या गाडीने निघाले. रविवार होता, काकू घरीच होत्या. बाबा दारातूनच म्हणाले, "कुठी हायेत थ्या काकू?" त्यांचा आवाज त्या दिवशी शेजारच्या घरात गेला. शेजारीण बाहेर आली.

"बसा," काकू म्हणाल्या. पाणी दिलं, चहा टाकला, आणि बाबा पुढचं बोलायच्या आत रोलरपासून सुरुवात केली. काकूंना एकदा सुरुवात केली की कोणी थांबवू शकत नसे. बाबांनी दोनदा तोंड उघडलं, दोनदा मिटलं. बाळंतिणीच्या खाटेपाशी ते थोडे पुढे सरकून बसले. वडिलांच्या हातातून किल्ली गेली तिथे त्यांनी कप खाली ठेवला. 

"तसं पाहिलं त," ते म्हणाले, "माह्यावरबी एक केस झाली व्हती."

मी तेव्हा सव्वीस वर्षांची होते. हे मी पहिल्यांदा ऐकत होते.

"कौंडण्यपूरच्या जत्रेत. कुस्त्या व्हत्या. पंचानं साफ उलटा निकाल देल्ला. मी लोकाइतून उठलो अन्..." बाबांनी हाताने हवेत एक छोटीशी थप्पड मारली. आपल्या हाताकडे त्यांनी असं पाहिलं, की तो दुसऱ्या कोणाचा असावा. "दंड झाला. गावात कोनाले मालूम नाई."

"बायकोले?" काकूंनी विचारलं.

"नाई."

काकूंनी टेबलावरचा बाबांचा फोन उचलून त्यांच्यापुढे धरला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी त्यांनी फोन लावला. त्यांना स्पीकर कधीच बंद करता येत नसे, त्यामुळे आम्हा दोघींना सगळं ऐकू येत होतं. बाबांनी चाचरत, दोनदा खोकून, जत्रा, कुस्ती, पंच आणि थप्पड असं सगळं आईला सांगितलं.

पलीकडे कुकरची शिटी झाली. आईने गॅस बारीक केला असावा.

"मले मालूम हाय," ती म्हणाली. "थो पंच माहा मामा व्हता."

बाबा खुर्चीतून उठून उभे राहिले. "तुले कवापासून मालूम हाय?"

"लग्न ठरलं तवापासून. मामानंच सांगतलं. त्यानं तुमाले वळखलं, तुमी त्याले नाई. म्हणे, पोरगा गरम हाय पण चांगला हाय."

"मंग इतक्या वर्षांत बोलली काहून नाई?"

"तुमी सांगसान म्हनून थांबली व्हती," आई म्हणाली.

  बाबांनी फोन दोन्ही हातांनी धरला होता.

"घरी येतो संध्याकायी," ते म्हणाले. "मंग पूर्ण सांगतो."

"सांगा," आई म्हणाली. "पण निकाल मामाचा चुकला व्हता, हेबी सांगजा. मरेपावतो मामा सोता थेच म्हणत व्हता."